चित्र निकालो!

आमचे ड्रॉइंगचे सर दिवसातून साठ-सत्तर वेळा लोकांचे डोळे काढायला सांगत आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

"पहले इसका सिर निकालो, भैया. सिर निकल गया? अब दोनों आँखें निकालो. जल्दी नहीं, एक-एक करके निकालो. दाँत आखरी में निकालेंगे."

आमच्यातलाच कुणीतरी समोर स्टुलावर बसलेला असे आणि बाकीचे एकोणतीस जण मान खाली घालून त्याचं डोकं कागदावर उतरवत असत. एकदा गावातल्या कांचघर मोहल्ल्यातून एक गृहस्थ मुलीच्या ॲडमिशनची चौकशी करायला आले होते. वर्गाच्या दारापाशी ते थबकले. आतून सरांचा आवाज येत होता, "गर्दन नहीं निकली तुम्हारी? दिखाओ, मैं निकालता हूँ." गृहस्थांनी मुलीचा हात धरला, म्हणाले, "चलो बिटिया, बी.कॉम. ठीक रहेगा," आणि आल्या पावली गेले. ती मुलगी आता कुठल्याशा बँकेत मोठ्या हुद्द्यावर असेल आणि तिला कधी कळणारही नाही की ती सरांमुळे तिथे पोचली.

यात सरांचा दोष एवढाच की त्यांना चित्रकला मराठीतून आली होती. तीन पिढ्या जबलपुरात राहिलेलं घराणं, मदन महलला घर. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, प्राचार्यांशी ते झकास हिंदी बोलत. पण चित्रं काढायला ते शिकले नागपूरला, मराठी मास्तरांच्या हाताखाली. त्यामुळे हातात पेन्सिल आली की त्यांची हिंदी मराठीतून विचार करू लागे. मराठीत आपण चित्र काढतो. फोटो काढतो, पेन्सिलीला टोक काढतो, गेलेल्या माणसाची आठवण काढतो, शेजाऱ्याची खोडी काढतो, आणि काहीच जमलं नाही तर दिवस काढतो. सरांनी या एका 'काढणे'चं 'निकालना' करून टाकलं आणि ते हिंदी पोरांवर सोडून दिलं.

पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझ्या आडनावावर त्यांचं बोट थांबलं.

"मराठी का?"

"हो सर. मतलब, घरी बोलतो."

"घरचं चालेल. बाहेरचं मराठी इथं कोणाला पाहिजे आहे? आजपासून तू दुभाषी. मी काय बोलून राहिलो ते यांना समजलं नाही, तर तू सांगायचं."

माझं मराठी त्या वेळी इतकंच होतं की आई ओरडली तर कळायचं आणि उत्तर मी हिंदीत द्यायचे. माझे वडील फॅक्टरीत, घर विजय नगरला, शाळा हिंदी. म्हणजे मराठी मी शिकले ते कॉलेजात, आणि तेही हिंदी कॉलेजात. आज हे लिहिते आहे तेही सरांच्याच कृपेने, तेव्हा चुका निघाल्या तर त्यांच्या नावावर टाका.

आमचं कॉलेज विद्यापीठाचं. पुढे कुणी पेंटिंगला जाणार, कुणी मूर्तिकलेला, कुणी जाहिरातीच्या कामाला. पण पहिल्या वर्षाला, ज्याला फाउंडेशन म्हणत, सकाळी आठ ते अकरा सगळ्यांनी फक्त ड्रॉइंग करायचं. त्या तीन तासांचे मालक आमचे सर. कागदोपत्री मात्र ते 'अतिथी विद्वान' होते. दर सत्राला नवी नेमणूक मिळणाऱ्या मास्तराला आमच्या राज्यात असं भारदस्त नाव आहे. सर बावीस वर्षं अतिथी होते. "पाहुणा एवढा राहिला की घरचे त्यालाच चहा करायला सांगतात," असं ते म्हणत, आणि स्टाफरूममध्ये चहा खरंच तेच करत.

दिसायला ते किरकोळ. एका कानामागे पेन्सिल, दुसऱ्या कानामागे पेन्सिल, आणि तिसरी कुठे गेली म्हणून सगळा वर्ग ओणवा होऊन शोधतोय, हे आमचं रोजचं सकाळचं दृश्य. खोडरबराचा त्यांना मनस्वी राग. कुणाच्या हातात रबर दिसलं की ते खिशात घालत आणि वर्षाच्या शेवटी सगळी रबरं परत करत, पण कुणाचं कुठलं हे लक्षात नसल्यामुळे मूठ-मूठ वाटत. "चुकलेली रेघ पुसायची नाही," ते म्हणत. "तिच्या शेजारी बरोबर रेघ आणून बसवायची. मग त्या दोघी आपसात पाहून घेतील." माझ्या त्या वर्षीच्या कागदांवर एवढ्या शेजारणी जमल्या आहेत की मूळ माठ कुठला ते मलाही सांगता येणार नाही.

माठाचं तर एक प्रकरणच झालं. माठ काढायला बसवण्याआधी सरांनी आम्हाला सांगितलं, की डोळ्याला काय समजतं, आधी हाताला विचारा. मग तीस जणांना तीस माठ दिले, अर्ध्या माठांत पाणी, अर्धे रिकामे, आणि ते डोक्यावर-खांद्यावर घेऊन दहा मिनिटं व्हरांड्यात उभं राहायला लावलं. वजन अंगात शिरलं पाहिजे म्हणून. प्राचार्य त्याच वेळी जिन्याने वर आले. समोर तीस विद्यार्थी, ओळीत, डोक्या-खांद्यावर माठ. ऑक्टोबरचं ऊन, व्हरांड्यातलं थंड पाण्याचं यंत्र दोन महिने बंद पडलेलं. प्राचार्यांनी दोन्ही हात जोडले.

"देखिए, नारेबाज़ी मत कीजिएगा. कल तक मशीन ठीक हो जाएगी. मेरा वादा है."

आम्ही काहीच बोललो नाही, कारण बोललो तर सर पुन्हा पहिल्यापासून दहा मिनिटं मोजत. प्राचार्यांना ही शांतता फार निर्धाराची वाटली असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला यंत्र सुरू झालं होतं. सरांना याचं काहीच नवल वाटलं नाही, ते म्हणाले, "भरलेला माठ ज्यानं उचलला त्याच्या तोंडाकडं पाहिलं तरी समजते."

मग मदन महलच्या टेकडीवर दगड काढायला जायचो तेव्हाची गोष्ट. सर दगडांची ओळख करून देत: हा जरा रागीट आहे, हा बसून राहतो बिचारा, याला उन्हाचं कौतुक. आम्ही कागद पसरून बसलो असताना एक बकरी आली आणि तिने माझ्या मैत्रिणीचं पूर्ण झालेलं चित्र खाऊन टाकलं. मैत्रीण रडायला लागली. सर धावत आले, बकरीच्या तोंडात उरलेला कोपरा निरखून पाहिला आणि वहीत मैत्रिणीला वर्गातले सगळ्यात जास्त गुण दिले.

"सर, आपने तो देखा भी नहीं!" बाकीचे ओरडले.

"तीस काग़ज़ पड़े थे. उसने यही काहून उठाया?" सर म्हणाले. 'काहून' म्हणजे 'क्यों' हे मी सगळ्यांना सांगितलं.

असं सगळं छान चाललं होतं. मग दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला बातमी आली की भोपाळहून टीम येणार आहे. पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग तीन तासांवरून एका तासावर आणायचं आणि उरलेले दोन तास कॉम्प्युटरला द्यायचे, असा प्रस्ताव वर गेला होता. टीम येऊन आमचं काम बघणार आणि ठरवणार.

ते ऐकल्यावर सर दोन दिवस चिडचिड करत होते. "एक तास? एका तासात पोरगं पेन्सिलीला टोक काढते आणि हात धुवून येते. त्यात पाहायला कधी शिकणार?" स्वतःच्या नेमणुकीबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. पण तीन तास गेले तर सरही गेले, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला रात्री नीट जेवण जाईना. आई विचारी, काय झालं, आणि मी सांगे की माठ.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. "बेटा, तुम मराठी हो. सर को समझाओ. टीम के सामने 'आँखें निकालो' बोल दिया तो रिपोर्ट में जाने क्या चला जाएगा."

म्हणून मी सरांना हिंदी शिकवायला घेतलं. रोज अकरानंतर पंधरा मिनिटं. धडा एकच: चित्र 'बनाओ'. सरांनी ते एका चिठ्ठीवर लिहून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि फार मनापासून पाठ केलं. इतकं मनापासून की दोन दिवसांनी त्यांनी 'निकालो' हा शब्दच सोडून दिला. प्यूनला म्हणाले, "भैया, अलमारी से चादर बनाओ." प्यून बराच वेळ कपाटासमोर उभा राहिला. नारळवाल्याला म्हणाले, "इसमें से पानी बनाओ." मुलांना म्हणाले, "सब लोग बस्ते में से अपनी-अपनी पेन्सिल बनाओ," आणि दोघांनी खरंच पेन्सिलीचं चित्र काढलं.

मग दुसरा धडा. "सर, असं नाही. कागदावर काढायचं असेल तिथं 'बनाओ'. आतून बाहेर काढायचं, भिंतीवरून काढायचं, तिथं 'निकालो'च."

"म्हणजे भिंतीवरचं चित्र निकालो आणि कागदावरचं बनाओ."

"बरोब्बर."

"काय भाषा आहे बाप्पा. एका चित्राला दोन क्रियापदं." पण शिकले. टीम यायच्या आदल्या दिवशी मी त्यांची तोंडी परीक्षा घेतली. दहापैकी दहा. त्या संध्याकाळी मी स्वतःवर फारच खूश होते. मी त्यांना एक अटही घातली होती, की उद्या दिवसभर माझ्याशीसुद्धा हिंदीतच बोलायचं, नाहीतर गाडी पुन्हा रुळावरून घसरेल.

हॉल आम्ही दोन दिवस खपून सजवला. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या, दोऱ्यांना चिमटे, चिमट्यांना दोनशेच्या वर चित्रं. माठ, दगड, एकमेकांची डोकी, चपला. बकरीने सोडलेला कोपराही पुठ्ठ्यावर चिकटवून मधोमध लावला होता. ठरलं असं होतं, की टीम आत येईल तेव्हा भिंतीवर वर्षभराचं काम आणि खाली जमिनीवर बसून आम्ही तीसजण काढताना. सर आणि प्राचार्य फाटकावर स्वागताला गेले, हॉलची जबाबदारी माझ्यावर.

साडेदहाला माझा फोन वाजला. मी स्पीकर लावला. सरांना धाप लागली होती.

"आ गए! आ गए! चित्र निकालो! सब लोग चित्र निकालो, फटाफट! कोई ख़ाली हाथ मत बैठो!" आणि फोन कट.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दुभाषी.

त्या क्षणी माझ्या डोक्यात जे चाललं ते अजून आठवलं की अंगावर काटा येतो. दुसरा कुणीही असता तर त्याने सरळ कागद-पेन्सिल हातात घेतली असती, कारण वर्षभर 'निकालो'चा एकच अर्थ होता. पण मी त्यांना शिकवलं होतं. दहापैकी दहा पडले होते. आठ दिवसांत त्यांच्या तोंडून चुकीचा 'निकालो' एकदाही गेला नव्हता. म्हणजे हा 'निकालो' शुद्ध हिंदीतला होता.

"उतारो," मी म्हणाले. "सब उतारो."

"पक्का?" मैत्रिणीने विचारलं.

"सर अब ग़लत नहीं बोलते," मी म्हणाले. केवढ्या अभिमानाने म्हणाले!

दोन दिवसांचं काम तीस जणांनी पाच मिनिटांत उतरवलं. मैत्रिणीने बकरीचा कोपरा छातीशी धरला होता. टीम दारात आली तेव्हा भिंत कोरी करकरीत, दोऱ्यांवर रिकामे चिमटे हलताहेत, आणि आम्ही कागदांचे गठ्ठे कवटाळून, घर बदलायला निघाल्यासारखे उभे.

टीममध्ये फाइलवाले एक जाडजूड साहेब होते, चष्म्यातून वर बघणाऱ्या एक मॅडम होत्या आणि फोटो काढणारे एकजण. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, मग कार्यक्रमपत्रिकेकडे.

"प्रदर्शनी कहाँ है?"

प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटतं एका सेकंदात त्यांना सगळं समजलं. मी म्हणायला गेले, "सर, वो मैंने…"

"मैंने निकलवाई," सर मोठ्याने म्हणाले.

"क्यों?"

सर एकदा खाकरले. खिशातल्या चिठ्ठीवर हात ठेवला. "साहब, जो बन गया सो बन गया. फाउंडेशन में बना हुआ नहीं देखते. बनता हुआ देखते हैं. बैठो बच्चो, बनाओ!"

एवढी बिनचूक हिंदी त्यांच्या तोंडून चित्रकलेबद्दल कधीच निघाली नव्हती. आम्ही धपाधप खाली बसलो. सरांनी कोपऱ्यातला एक माठ उचलला आणि साहेबांच्या हातात दिला. "पकड़िए. बताइए, भरा है कि ख़ाली?" माठ भरलेला होता हे साहेबांना पँटवर पाणी सांडल्यावर कळलं. पण माठ खाली ठेवायला त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यामुळे ते तसेच उभे राहिले आणि आम्ही त्यांना काढत राहिलो. मॅडमनी दहा मिनिटांनी चष्मा नाकावर सरकवला आणि माझ्याकडे एक कागद मागितला. त्या साडेबारापर्यंत जमिनीवर बसून काढत होत्या. रबर मागितलं तर सरांनी त्यांनाही दिलं नाही.

ते लोक गेल्यावर मी सायकल स्टँडपाशी सरांना गाठलं आणि रडायलाच लागले. म्हटलं, सर, माझ्यामुळं झालं, तुम्हाला 'बनाओ' म्हणायचं होतं.

"हो ना. घाईत तोंडातून जुनंच निघालं."

"मग मला समजायला पाहिजे होतं."

"काहून? तू मला शिकवलं आणि मी शिकलो, असं तू धरून चालली." ते सायकलचं कुलूप काढत होते, त्यांनी मान वर केली नाही. "बावीस वर्षांत मी एकाही पोरावर एवढा विश्वास नाही ठेवला. रडून काय राहिली? घरी जा, जेव."

महिन्याभराने पत्र आलं. सर त्या सकाळी खव्याच्या जिलब्यांचा पुडा घेऊन वर्गात शिरले, तोंडभर हसत. "तीन घंटे रह गए! यथावत लिखा है, यथावत!" अहवालात आमच्या कॉलेजच्या 'नवाचारी', म्हणजे नावीन्यपूर्ण, पद्धतीचं भरपूर कौतुक होतं आणि निरीक्षणाआधी भिंती रिकाम्या करण्याची ही पद्धत इतर विभागांनीही घ्यावी, असं सुचवलं होतं. मूर्तिकलेची पोरं त्यानंतर कित्येक दिवस आमच्याशी बोलत नव्हती.

पुडा फिरत होता तोवर मी पत्र पुढे वाचलं. सरकारी हिंदी होती, पण मला समजली. एवढ्या महत्त्वाच्या विषयासाठी नियमाप्रमाणे पूर्ण पदवी असलेली व्यक्ती नेमावी, असं दुसऱ्या परिच्छेदात होतं. सरांकडे नागपूरचा डिप्लोमा होता.

"सर," मी हळूच म्हटलं, "दुसरा परिच्छेद…"

"वाचला. पहिला चांगला आहे. तू जिलबी घे."

जिलबी मी घेतली. राग आला, आणि कुणावर काढायचा ते कळेना.

महिनाअखेरीला नव्या मॅडम आल्या. डॉक्टरेट झालेल्या, तरुण, स्वभावाने चांगल्या, हिंदी लोण्यासारखी. पत्रात तिसराही परिच्छेद होता, तो मी रागाच्या भरात वाचलाच नव्हता. पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगसाठी माणूस मॉडेल म्हणून बसवायला त्यात मंजुरी दिली होती. त्याला कुठलीही पदवी लागत नव्हती. सोमवारी आठ वाजता आम्ही आत गेलो तर मधल्या चौरंगावर खुर्ची, आणि खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून सर.

मॉडेल म्हणून ते भयंकर होते. दर पाच मिनिटांनी उठून आमचे कागद बघायला येत. मॅडम दोनदा "बाबूजी, प्लीज़" म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "बाबूजी, आप हिलेंगे तो बच्चे सीखेंगे कैसे?" ते एकदम ओशाळले, म्हणाले, "सही बात है," आणि मग जे बसले ते हललेच नाहीत.

वर्षभर मी माठ पाहिले, दगड पाहिले, सरांकडे मात्र नीट पाहिलंच नव्हतं. डाव्या कानाची पाळी उजवीपेक्षा खाली होती. कॉलर उलटवून शिवलेली होती. दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे पडले होते, काहीही न धरता, आणि ते मला बघवेनात. माझी पेन्सिल थांबली. समोरचं सगळं धूसर झालं.

सरांनी मान हलवली नाही, ओठही नाही. फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "काहून थांबली गं? लवकर काढ, पायाला मुंग्या येऊन राहिल्या."